गालावरची चार बोटे

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. मूल गावच्या बाजारामागच्या खोलीत साबिरा शेख ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवत होती. शिळाछापाचा हा दगड तिच्या आजेसासऱ्याचा. त्यावर एकेकाळी मालगुजार जमीनदारांचे चेहरे छापले जात. घरात आता हा एकच दगड उरला आहे. साबिरा त्यावर गेलेल्या माणसांचे चेहरे काढते, छापते आणि घासून तो पुढच्यासाठी कोरा करते. तिच्या स्वतःच्या भिंतीवर एकही चेहरा नाही. त्या घरात ती रीत नाही.

आजचा चेहरा हेमराजचा. मोहफुले वेचताना त्याला वाघाने मारले. लग्नाच्या घोळक्यात नखाएवढा दिसणारा, एवढाच त्याचा फोटो. मोठा केला की नुसता डाग. म्हणून त्याची आई सुगंधाबाई आणि काका देवाजी साबिराकडे आले होते. तेरवी आज दुपारी होती.

"मोबाईलवाला दोन मिन्टात काढून देते," देवाजी दारातून म्हणाला. "तुम्ही त दगडावर धान पेरून राह्यल्या."

"मंग जा ना भाऊ त्याच्याकडं. कोट-टाय घालून देईन तो."

साबिराने कागद ठेवून दाब दिला आणि हळूच उचलला. भुवया हेमराजच्या, हनुवटी त्याचीच. गालावर मात्र चार काळे पट्टे.

"काल हात लावला होता का, बाई?"

काल चित्र पुरे झाल्यावर साबिरा सुगंधाबाईला दगडापाशी सोडून, चित्र पक्के करणारे तेजाब आणायला आत गेली होती. कोरड्या दगडाला बोट लागले तर तेव्हा काही दिसत नाही. पण बोटाचा तेलकटपणा दगड धरून ठेवतो आणि छापताना तिथे शाई बसते.

"लावला," सुगंधाबाई म्हणाली. "घरी आनला तवा गठुड्यात बांधून होता. मले पाहू नाई देल्लं. हातबी नाई लावू देल्ला."

देवाजीने मान खाली घातली. गाठ त्यानेच बांधली होती. आत गाल उरला नव्हता.

पुन्हा काढायला दोन दिवस लागले असते. साबिराने पाते उचलले. "खरडून टाकते. पट्टे जातीन, पन गालबी जाईन."

"पुरा?" सुगंधाबाईने विचारले.

"पुरा."

"मंग नोको. गाल राहू दे."

साबिराने पाते खाली ठेवले. शाई ओली होती, म्हणून देवाजीने कागद दोन्ही हातांवर आडवा धरला आणि दोघे एसटी स्टँडकडे निघाले.

उद्या सकाळी सहाला साबिरा दगडावर वाळू आणि पाणी टाकून घासायला बसेल. चामोर्शीच्या एका म्हातारीचा चेहरा काढायचा आहे.