शिवरात्रीची पुरी-भाजी

वच्छलाबाईंचा उपास म्हणजे उपास. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचे लाडू हे चोचले त्यांना मुळीच मान्य नव्हते. शिवरात्रीला पाण्याचा थेंबही नाही, आणि त्यांच्या भजन मंडळात जो असेल त्यानेही घ्यायचा नाही. मूल गावच्या राइस मिलमध्ये धान वाळवण्यात जन्म गेलेली ही बाई, आवाज मशीनवर चढणारा. मी अंकुश, मंडळाचा पेटीवाला आणि जीपचा मालक. दोन्ही कामांत बाईंची बोलणी भरपूर खाल्ली आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

त्यांची मुलगी चौदाव्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेली. रक्त वेळेवर मिळालं नाही. पुढे गावच्या सप्ताहात कीर्तनकार म्हणाले, भुकेल्याच्या पोटात गेलेलं अन्न देवालाच पोचतं. बाई उठता उठता म्हणाल्या, "मंग रक्तबी पोचत असन." दुसऱ्याच दिवशी भजनाच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्हा सगळ्यांचे रक्तगट लिहून घेतले. बारा वर्षं झाली. जंगलातल्या कुठल्याही गावाहून फोन आला की बाई वही मागून उघडतात आणि आमच्यापैकी कुणीतरी निमूट जीपमध्ये बसतो.

त्या वहीत एकच नाव खोडलेलं होतं. लहानूचं.

लहानू आमचा खंजिरीवाला. दोन वर्षांपूर्वी शिवरात्रीला, मार्कंड्याच्या जत्रेत, आम्ही भाविकांना पाणी वाटत असताना तो बसथांब्याजवळच्या हॉटेलात पुरी-भाजी खाताना सापडला. सकाळपासून नदीवरून घागरी वाहिल्या होत्या, भूक लागली, खाल्लं. बाईंनी त्याला भर जत्रेत उभं केलं. "ज्याले पोट आवरत नाई, त्यानं देवाचं नाव घेऊ नाई," म्हणाल्या आणि खंजिरी काढून घेतली. ती माझ्या पेटीच्या खोक्यात पडली. त्याच्या बाजूने मी एक शब्द बोललो नाही. भाता दाबत बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

यंदाच्या शिवरात्रीला पुन्हा त्याच जागी आमचे माठ मांडलेले. दुपारी बारा वाजता बाईंचा फोन वाजला. मुलचेऱ्याकडच्या पत्रूचा. त्याच्या आठ वर्षांच्या पोरीला, सिकलसेलच्याच करिश्माला, बाईंनी याआधी दोनदा रक्त मिळवून दिलं होतं.

"बाई, पोरीचं रक्त तीनवर आलं. गडचिरोलीत आणलं तिले. रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त नाई. डॉक्टर म्हणते आजच पाहिजे, उद्याचं सांगता येत नाई."

ओ निगेटिव्ह. वहीत त्या गटाची दोनच नावं होती. श्रावणने मागच्याच महिन्यात दिलेलं, त्याचं चालणार नव्हतं. दुसरं नाव खोडलेलं. बाईंनी वही डोळ्यांजवळ नेली. खोडलेल्या रेघांखालून नंबर वाचता येत नव्हता, इतक्या रागाने खोडलं होतं.

"लहानू आला आहे जत्रेत," मी म्हणालो. "सकाळी घाटावर दिसला."

"मलेबी दिसला," बाई म्हणाल्या. त्याला पाहून त्यांनी तोंड फिरवलं होतं, ते मी पाहिलं होतं.

घाटावर माणसांची ही दाटी. बाई पुढे, मी मागे. मला एकच धाकधूक, तो नाही म्हणाला तर? माझ्यासारख्याने तर नाहीच म्हटलं असतं. शेवटच्या पायरीशी लहानू सापडला. एक घागर आणि एक तांब्या घेऊन एकटाच लोकांना पाणी पाजत होता.

बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. मग विचारलं, "काही खाल्लं का रे?" दवाखान्यात उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. जन्मात पहिल्यांदा बाई कुणी खाल्लं असावं म्हणून आस लावून होत्या.

"शिवरात आहे बाई. पाणीबी नाई घेतलं." त्याचे ओठ फुटलेले होते. "दोन वर्षं झाली, मी चुकलो नाई."

"खाऊन घे. चाल."

"नाई." लहानू खाली पाहत बोलला. "रक्त घ्या, दोन बाटल्या घ्या. उपाशीच घ्याले लावा डॉक्टरले. पण मी खाणार नाई. लोकं म्हणतीन, पुन्हा खाल्लं. तुमीच म्हणाल."

बाईंनी त्याचा हात धरला आणि गर्दीतून ओढत नेलं. बसथांब्याजवळ, त्याच हॉटेलात. आमचे माठ समोर, मंडळ समोर, श्रावणच्या हातातला तांब्या हातातच राहिलेला. बाईंनी पुरी-भाजीची ताटली मागवली. लहानू मुठी आवळून बसला. साडेबारा झाले होते. तासाभराचा रस्ता, त्यात जत्रेची गर्दी. मी जीपची किल्ली बोटांत फिरवत होतो आणि मनात दोघांनाही शिव्या देत होतो.

बाईंनी पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

चाळीस वर्षांचा उपास. मंडळातली कुणीतरी बाई "अगं माय" म्हणाली. बाईंनी तो घास चावला, गिळला, वर गिलासभर पाणी प्यायल्या. दुसरा घास लहानूच्या तोंडापुढे धरला.

"मी चुकली होती, लहानू. आता खा. पोरगी वाट पाहून राह्यली."

त्याने तोंड उघडलं. बाई भरवत होत्या आणि तो रडत रडत खात होता. चार पुऱ्या आणि तीन गिलास पाणी. मग मी जीप अशी हाणली की एरवी बाईंनी माझी सालटी काढली असती.

रक्तपेढीत नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला. "जेवलात का?"

"बाईनं चारलं," लहानू म्हणाला.

करिश्माला रक्त चढायला लागलं तेव्हा पाच वाजले होते. पत्रू तिच्या पायाशी बसून होता. सातच्या सुमारास पोरीने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली. वच्छलाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

परत निघताना मी मागच्या सीटवरचं पेटीचं खोकं उघडलं आणि खंजिरी लहानूच्या हातात दिली. दोन वर्षांची धूळ होती. त्याने ती शर्टाने पुसली, वाजवायला हात उचलला. कोपरावर पट्टी होती.

"आज नको," बाई म्हणाल्या. "हाताले आराम दे. उद्या वाजव."