पडद्याखालच्या चपला

डॉक्टरांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि तो जमिनीपासून वीतभर वर राहतो. त्याखालून बाहेर बसलेल्यांच्या चपला दिसतात. बाजारात माझं चपलांचंच दुकान आहे, त्यामुळे चपलेवरून मला माणूस कळतो. तपकिरी पट्ट्याची जोडी शेजारच्या शोभाकाकूंची, अर्धा तास घासाघीस करून नेलेली.

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" रिपोर्ट बघत डॉक्टरांनी विचारलं.

एचआयव्हीच्या, मी मनातच म्हणाले. आजार नवरा देऊन गेला. त्याच्या फोटोला रोज हार आणि माझ्या तोंडाला कुलूप.

गोळ्या देणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, "ताई, या आजारात हृदयाला धोका जास्त. कोलेस्टेरॉलची प्रत्येक गोळी आपल्या गोळ्यांबरोबर चालत नाही. डॉक्टरांना सांगायचंच." छातीतल्या कळेला मी दोन वर्षं पित्त म्हणत आले होते. बाईच्या दुखण्याला आधी चार लोकांची परवानगी लागते, औषध नंतर. मी गिऱ्हाइकाला कधी बधले नाही, पण इथं घासाघीस करायला जागाच नव्हती. बोलले तर दुकान जाणार, गप्प बसले तर जीव.

मी रिपोर्टच्या मागं लिहून दिलं. डॉक्टरांनी वाचलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "एचआयव्ही? किती वर्षं झाली?"

बाहेरची कुजबुज थांबली. तपकिरी पट्टे पडद्याजवळ सरकले.

"अकरा," मी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "नवऱ्याकडून आला. आता माझ्या छातीचं बोला."