मशीनपुढचं गाऱ्हाणं

करी रोडच्या नाक्यावर चहाच्या टपरीशेजारी रोज सकाळी एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असते. ती धोंडूकाका घाडींची. जुन्या चाळीत ते आमचे शेजारी. तरुणपणी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, पण मशीनचं वेड काही सुटलं नाही. गोदीत उतरलेली परदेशी यंत्रं ट्रेलरवर लादून या रस्त्यानं जातात, ती बघायला काका उजाडताच हजर.

बाकीचे म्हातारे पेपर वाचतात, आजारांची उजळणी करतात. काका ट्रेलरची वाट बघतात. रांगेनं चाकं असलेल्या लांबलचक ट्रेलरला ते ‘गोम’ म्हणतात. इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारं यंत्र म्हणजे त्यांची ‘भोकपाडी’. कुठली क्रेन जर्मन, कुठली चिनी, हे नुसत्या रंगावरून सांगतात; चुकतात तेव्हाही तितक्याच ठामपणे सांगतात. एखादा ड्रायव्हर अरुंद वळणावर गोम एका दमात वळवतो, तेव्हा काका खुर्चीतून उठतात आणि त्याला हात जोडतात. मला त्यांचं हे फार आवडतं. दुसऱ्याच्या कामाला असा उभं राहून नमस्कार करणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत.

आमची चाळ पाडून बरीच वर्षं झाली. टॉवर होणार म्हणून आम्ही खोल्या रिकाम्या केल्या, आसपास भाड्यानं पांगलो, आणि त्या जागेवर पत्र्याआड झाडझुडूप माजलं. दर मीटिंगला बिल्डरचा माणूस एकच सांगतो, “मशीन आलं की काम सुरू.” मी त्याच्या नावानं बोटं मोडते. काका कुणाला शिव्या घालत नाहीत. त्यांच्या बायकोचे, लक्ष्मीकाकूंचे, गुडघे कामातून गेलेत; भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. “हिका एकदा आपल्या घरात लिफ्टीन न्हेऊची हा,” एवढंच ते म्हणतात.

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळीच त्यांचा फोन आला. “अनुजा, भोकपाडी इली. आपल्या गल्लीत वळली. सगळ्यांका सांग.”

मी चपला घालायच्याही विसरले. खरंच, आमच्या पत्र्याच्या फाटकासमोर ट्रेलर उभा होता, वर पिवळं नवंकोरं यंत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी फिरली आणि बघता बघता अख्खी चाळ जमली. लक्ष्मीकाकू कठडा धरून, मध्येमध्ये पायरीवर टेकत, चार मजले उतरून आल्या. कुणीतरी नारळ आणला. आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं साकडं, घातल्याशिवाय कशाला सुरुवात होत नाही, आणि गावाकडे तो मान घाड्यांचाच. काका चाकापुढे नारळ धरून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांच्या दारात ही मशीन इली हा...”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तेवढ्यात ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरला. “चाचा, ये तो आगेवाली साइट का है. सामने गाडी खडी है, इसलिए रुका हूँ.”

मी त्या बिचाऱ्यावरच डाफरले. त्याचा काय दोष? लांबून येणारं प्रत्येक यंत्र ओळखणारे आमचे काका, पण हे कुणाकडे चाललंय एवढं विचारायचं आनंदाच्या भरात राहूनच गेलं होतं. त्यांचा चेहरा बघवेना. कुणीतरी नारळ परत घ्यायला हात पुढे केला. काकांनी तो दिला नाही.

“देवाक सांगूक सुरवात केली, आता अर्ध्यार सोडूचा नाय,” ते म्हणाले. मग डोळे मिटून पुन्हा सुरू झाले.

“बा देवा म्हाराजा, जेंच्यासाठी ही मशीन चालली हा, तेंचा घर बेगीन उभा ऱ्हवांदे. ह्या गाडीवाल्याक सुखरूप पोचव. आणि परत येताना तिका आमची गल्ली दाखव रे म्हाराजा.”

पहिला आवाज आला तो मागे ओट्यावर बसलेल्या लक्ष्मीकाकूंचा.

“व्हय म्हाराजा.”

मग आम्हीही म्हणालो. काकांनी नारळ फोडला, पहिला तुकडा ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. पुढची गाडी हलली, आणि त्यानं ती गोम आमच्या गल्लीतून एका दमात वळवली. काकांनी नेहमीसारखे हात जोडले. मग त्यांनी काकूंचा एक हात धरला, मी दुसरा, आणि आम्ही त्यांच्या चौथ्या मजल्याचा जिना चढायला लागलो.