श्रीखालची लाल रेघ

तिसरी घंटा झाली असं समजा, आणि पडदा वर जाऊ द्या. लालबागमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी बांबूंचा मांडव. वर ताडपत्री, तिच्या भोकांतून उतरणारं पिवळट ऊन. मधोमध आठ फुटी देवी, उजव्या हातात त्रिशूळ. तिच्या पायाशी फायबरचा महिषासुर, मान लोंबती. गणपती यायच्या आत मंडळाचा हा देखावा हलायला लागला पाहिजे. आणि डाव्या विंगेत, उपड्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून बसलेली कालिंदी परब.

पन्नाशीची, ठेंगणी, समोरचा एक दात नसलेली. तो दात दोन वर्षांपूर्वी ह्याच मांडवात पडला. पाडला सख्ख्या धाकट्या भावानं, वैभवनं, हातातल्या पान्यानं. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काही बोललं नव्हतं, कारण वैभवसारखं वेल्डिंग करणारा गल्लीत दुसरा नव्हता. कालिंदीही बोलली नव्हती.

दोघांचा बाप राजाराम. गिरणी सुटली तसा तो देखावे हलवायला लागला. लाकडी ढोलावर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या, ढोल फिरला की पट्टीपट्टीनं दिवे लागायचे, हात हलायचे. कामगारांच्या नाटकांत विजाही तोच पाडायचा. काय त्या विजा! पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरायची. कामाला हात घालण्याआधी राजाराम ढोलावर खडूनं ‘॥ श्री ॥’ लिहायचा. ढोल भंगारात गेला. त्याच्या जागी बोटभर लांबीचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले, एक देवीच्या पाटात, एक असुराच्या पोटात. श्री तेवढं लेकीकडे राहिलं.

बोर्डानं काय करायचं ते ती लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये लिहायची. पण एडिटर नुसता लिहिण्यापुरता. लिहिलेलं बोर्डात चढवायला त्याला एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, जोडावं लागतं, आणि कुठल्या पोर्टवरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या कुठल्या खाचेत वायर खोचलेल्या, बोर्डात चढवायचं हे त्या एक्स्टेन्शनला सेटिंगच्या फाईलमध्ये सांगून ठेवावं लागतं. त्या दुपारी कालिंदीनं नवी फाईल उघडली. असुराचा पोर्ट लिहिण्याआधी पहिल्या ओळीत ‘॥ श्री ॥’ लिहिलं. त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ उमटली. तिला नवल वाटलं नाही. मंडळाची पत्रं टाईप करताना तिच्या नावाखालीसुद्धा तशीच रेघ यायची. मराठी दिसलं की कॉम्प्युटर लाल रेघ मारतोच, ही तिची समजूत.

“झालं काय गो?” वैभव असुराच्या मानेशी वाकून बिजागरी आवळत होता. “का मुहूर्त बघतेस?”

“मान तीन झटके घेणार आहे. त्या हिशेबानं आवळ.”

“तीन कशाला? एका घावात मुंडकं उडालं पाहिजे. पब्लिक काय कवायत बघायला येतं?”

“उडवलंस तर रस्त्यावर जाऊन पडेल, कुणाच्या तरी डोक्यात. आणि त्रिशूळाला प्लास्टिकचा पाईप सांगितला होता. तू लोखंडी सळई घातलीस.”

“प्लास्टिकला कोण घाबरतं? एखादी बोळकी घाबरली तर घाबरली.”

शिडीवर झालर बांधणारा मंडळाचा सेक्रेटरी हर्षवर्धन हसला. कालिंदीची जीभ दाताच्या खाचेत जाऊन बसली.

“आई तुला लाडानं जेवायला वाढत नव्हती, वैभ्या,” ती म्हणाली. “घाबरून वाढत होती.”

पाना सणसणत आला. खोक्याच्या कडेला आपटला आणि तिच्या नडगीवर बसला. कातडी फाटली, रक्त पायावरून चपलेत उतरलं. हर्षवर्धनचं हसणं थांबलं. कालिंदीनं पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मान धरून ठेव,” ती म्हणाली. “चढवते.”

तिनं बटण दाबलं. एक्स्टेन्शननं सेटिंगची फाईल उघडली, पहिल्याच ओळीला ठेचकाळलं आणि फाईल बाजूला टाकून जो पोर्ट आधी सापडला त्यावर प्रोग्राम चढवून मोकळं झालं. तो पोर्ट देवीचा होता; असुराच्या मानेचे तीन झटके तिच्या हाताला मिळाले. प्रोग्राम चढला की बोर्ड आपणहून चालू होतो.

देवीचा हात खाली आला. ट्रकच्या वायपरची मोटर ती, तिला फायबर काय आणि माणूस काय. त्रिशूळाचं मधलं टोक वैभवच्या उजव्या खांद्यात घुसलं. हाड मोडल्याचा आवाज शिडीवर ऐकू गेला. हात वर गेला तो शर्टाची चिंधी आणि मांस घेऊन. वैभव किंचाळला, तोंड वाचवायला डावा हात आडवा धरला. दुसरा झटका त्याच हातावर बसला आणि कोपराखालचा भाग भलत्याच दिशेला लोंबला. नाटकातलं रक्त गुलाबी असतं, दिव्यात छान दिसतं. हे काळपट होतं, असुराच्या छातीवरून ओघळत होतं.

तिसऱ्या झटक्याला मध्ये कालिंदी होती. तिनं सळई दोन्ही हातांनी धरली. तळवे फाटले, पण टोक भावाच्या गळ्याशी येऊन थांबलं. मोटर गुरगुरत राहिली. शेवटी हर्षवर्धननं शिडीवरून उडी मारून तिच्या खोक्याजवळचा मोटरचा स्विच बंद केला.

हॉस्पिटलच्या बाकावर हवालदार लिहून घेत होते. हर्षवर्धननं आधीच सांगून टाकलं होतं, “ह्यानं पाना मारला, मग हिनं बटण दाबलं. मी बघितलंय.”

कालिंदीनं बँडेज बांधलेल्या हातानं लॅपटॉप उघडला. एडिटरच्या तळाशी इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की पहिली ओळ कळली नाही, फाईल वाचली नाही. तिनं ते हवालदारांना वाचून दाखवलं, लाल रेघ दाखवली, श्री दाखवलं.

ऑपरेशनला न्यायला वैभवचा स्ट्रेचर तेवढ्यात समोर आला. ओठ पांढरे पडले होते. “साहेब, मशीन फिरली,” तो म्हणाला. “तायचा दोष नाय. पान्याचं काय लिहू नका. घरचं हाय आमचं.”

“मग संपलंच,” हवालदारांनी पेन तिच्यापुढे धरलं. “अपघात. बाई, सही करा.”

कालिंदीनं पेन घेतलं नाही. तो स्विच तिच्या गुडघ्याला लागून होता. पहिल्या घावाला तिनं भावाची किंकाळी ऐकली होती, आणि जीभ दाताच्या खाचेत ठेवून ती बसून राहिली होती. हात वर जाऊन पुन्हा खाली येईपर्यंत.

“पहिला वार मशीनचा, साहेब,” ती म्हणाली. “दुसरा मी होऊ दिला.”