चार विटा आणि एक पाट

१९५६ सालच्या मार्गशीर्षातला पहिला सोमवार. पिंपरीच्या आमच्या खोलीत मी गिरणीत न्यायची बाजरी निवडत बसले होते. सासूबाई खाटेवर बसून सुपारी कातरत होत्या. हातातला अडकित्ता खाली पडला, आणि त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. उजवा खुबा इतका आखडला होता की खाली वाकता येईना.

नेमके तेवढ्यात धाकटे दीर आमच्या गावाहून, निघोज्याहून, भाजी घेऊन आले. त्यांनी अडकित्ता उचलून आईच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "वैनी, कांद्याचं रोप महिन्याभरात लागणीला येतंय. आईला जमणार नसंल तर तिचा जमिनीचा तुकडा दुसऱ्याला वाट्यानं देऊन टाकतो."

"मी मेले न्हाई अजून," सासूबाई कडाडल्या.

"मग उकिडवी बसून दाव."

त्या उठल्या, गुडघे थोडे वाकवले आणि खाटेची कड धरून परत बसल्या. सासरे गेल्यापासून त्या तुकड्यात दरवर्षी पहिलं रोप त्यांनीच लावलं होतं. आमच्याकडे राहायला आल्यावरही लागणीला गेल्याशिवाय त्या राहिल्या नव्हत्या.

दोष आमचाच होता. यांना औषधाच्या कारखान्यात काम लागलं, दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना घेऊन इथे आलो. नळ दाराशी, पीठ गिरणीचं. सारवायला घेतलं की मी त्यांच्या हातातला बोळा काढून घ्यायची. "आत्याबाई, आता तुम्ही बसा." शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मलाही ते खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवून, फिरवून पाहिला. म्हणाले, हाड धड आहे, सांधा बसून बसून आखडलाय. रोज थोडा हलवा. ओढ बसली तर चालेल, कळ आली की थांबा. उताणं निजून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा, मग गुडघा वाकलेला ठेवून पाय हळूच बाहेर सोडायचा, आणि उंच बैठकीवरून हात न टेकता उठायचं.

"म्हातारपणी मला तालमीत घालतीस व्हय?" घरी आल्यावर त्या म्हणाल्या. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजल्या.

कवायत म्हटलं की त्यांना लाज वाटणार, हे मला कळायला हवं होतं. कामाची लाज त्यांना कधी वाटली नाही. मग मी जातं बाहेर काढलं. त्याच्यावर आम्ही पाण्याचा हंडा ठेवायचो. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून मागून आठ विटा आणल्या. पाटाखाली दोन्ही टोकांना चार-चार, एकावर एक रचल्या. "एवढ्या उंचीवर बसता येईल ना? मग बसा आणि मला निवडून द्या. सूप लागेल ते तुम्हीच उठून घ्या."

चार-पाच दिवसांनी दोन्हीकडची एकेक वीट काढायची, पाट पुरेसा खाली आला की जात्यावर दळायला बसायचं, असं ठरलं. सकाळी अंथरुणात गुडघे पोटाशी, मग पाटावर ऊठबस. "आज किती झाल्या?" विचारलं की म्हणायच्या, "तुज्या वयाइतक्या." खोटं असायचं. एकदा नळावरून परत आले तर काढलेल्या विटा पुन्हा पाटाखाली.

"आत्याबाई, विटा चालत आल्या का?"

"थंडी हाय पोरी, त्याबी घरात आल्या."

तिसरी वीट निघाल्यावर त्या जात्याशी बसल्या. आधी डावा पाय पसरून, मग उजवा. मी समोर बसून खुंट्याला हात लावला. आज मी तेव्हाच्या त्यांच्या वयाची आहे. गिरणीचं पीठ बारीक असतं, माझी तक्रार नाही. पण त्या सकाळचा जात्याचा आवाज आणि ओव्या विसरून दिलेल्या त्यांच्या शिव्या अजून आठवतात.

पौषात दीर बैलगाडी घेऊन आले. सासूबाई आमचा हात न घेता गाडीत चढल्या. निघोज्यात दुसऱ्या दिवशी वाफ्यात पाणी सोडलं. त्या रोपाची जुडी घेऊन चिखलात उतरल्या आणि हळूच उकिडव्या बसल्या. पूर्वी दिवसभर लावायच्या. त्या दिवशी दोनच वाफे झाले. मधे चारदा उठून बांधावरून फिरून आल्या. बाकीचे वाफे जावेने आणि मी लावले. दीर बांधावर उभे होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुकडा तुज्याकडंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठायला गेले तर माझेच दोन्ही खुबे धरलेले. शेजारच्या घोंगडीवर सासूबाई गुडघा पोटाशी घेऊन निजल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वीट देऊ का गं एखादी?"

मी त्यांच्या शेजारी उताणी झाले आणि उजवा गुडघा पोटाशी घेतला.