मी मासे सोडले, त्याची गोष्ट

मी मासे कधीच सोडले नाहीत. म्हणजे सोडले, पण सोडले नाहीत.

हे वाक्य नीट उलगडून सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बहिणीच्या सासरी माझी जी काय इज्जत आहे, ती सगळी या एका वाक्यावर उभी आहे. पण आता माझे दात गेले आणि काटे काढण्याइतकी नजरही उरली नाही. लपवून मिळवायचं असं काही शिल्लक नाही. तेव्हा सांगूनच टाकतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पावसला आमच्या बागेच्या कोपऱ्यात एक जुनी चिरेखाण होती. आजोबांनी घरासाठी तिथून चिरे काढले आणि मागे खड्डा ठेवला. त्यात बारमाही पाणी साचायचं. आम्ही तिला तळी म्हणायचो. तिचा उपयोग दोनच गोष्टींना: फुटके माठ टाकायला आणि आमच्या म्हशीला वरून बघत उसासे टाकायला. (खाणीच्या कडा सरळ भिंतीसारख्या, बिचारीला उतरता येत नसे.)

एके दिवशी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात मी ऐकलं, की अशा पाण्यात मासे होतात, पाखरं येतात, तळ्याचं नंदनवन होतं. झालं! मी पेटलो. एका बाजूची कड फोडून उतार केला, म्हणजे पाखरांना पाण्यापर्यंत येता येईल. पिलांना लपायला आंब्याच्या फांद्या बुडवल्या. पाण्यात माशांचं खाणं तयार व्हावं म्हणून घमेल्यांनी शेण ओतलं.

"अहो, घरात सारवायला शेण नाही आणि तुम्ही पाणी सारवताय!" बायको म्हणाली.

"तुला कळणार नाही. हे शास्त्र आहे."

मग रोहू-कटल्याची बोटभर पिलं प्लास्टिकच्या फुगीर पिशवीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन आणली. कंडक्टर म्हणाला, "बाळ शांत आहे हो तुमचं!" माझी धाकटी बहीण मालू आणि मी, दोघांनी मिळून ती तळीत सोडली. काठावर उभ्या राहिलेल्या आईनं कपाळाला हात लावला. समोर अथांग समुद्र असताना हा मुलगा खड्ड्यात मासे सोडतो, यात तिला घराण्याची अधोगती दिसत होती.

आता मालूविषयी सांगायला हवं. तिच्यासाठी मिरकरवाडा बंदरावरचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील भिकूशेट, दोन बोटींचे मालक. मुलानं मालूला पसंत केलं होतं, मालूनं मुलाला. पण भिकूशेट होय म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. वडील गेल्यामुळे ही जबाबदारी माझी. मालू रोज माझ्याकडे बघायची आणि मी रोज तळीकडे.

अशात एका सकाळी वाण्याच्या दुकानातून निरोप आला, भिकूशेटचा फोन आहे! मी धावत गेलो. लाइन अशी, की दोघंही ओरडत होतो आणि अख्खं दुकान साखर मोजायची थांबवून ऐकत होतं.

"काय बापू, नवीन काय?" पलीकडून भिकूशेट.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. मी अभिमानानं ओरडलो, "मासे सोडले!"



"सोडले? कधी?"

"सोमवारी!"

"किती दिवसांसाठी?"

"म्हणजे? कायमचे!"

"अरे बाबा... आणि त्रास नाही होत?"

"पहिल्या दिवशी जरा तडफड झाली. आता एकदम शांत!"

"पहिल्याच दिवशी? मग नाही?"

"नाही हो! नव्या पाण्याची सवय व्हायला किती वेळ लागतो?"

"धन्य आहे! आणि मालू? तिनंपण सोडले?"

"माझ्याबरोबर तीच होती. पण ती म्हणते, वाढले की मी खाणार!"

यावर भिकूशेट गडगडाटी हसले. "वाढू की! आमच्याकडे आली की रोज वाढू! रविवारी येतोय मी."

फोन ठेवून मी घरी आलो आणि जाहीर केलं, "तळीतल्या माशांचं ऐकून माणूस खूश झाला!"

रविवारी आम्ही मासे आणले नाहीत. मिरकरवाड्याचा माणूस सोयरिकीला येतो तो करंडी घेऊनच, हे शेंबडं पोरही सांगेल. बायकोनं तिरफळं घालून वाटप वाटून ठेवलं, चूल पेटवली, तवा तापवला. भिकूशेट आले. हातात करंडी होती, वर केळीचं पान! मालूनं आतून मला खूण केली: सुरमई असणार.

भिकूशेटनी पान बाजूला केलं. आत दुधी! पाच दुधी आणि एक पडवळ.

"मुद्दाम तुमच्यासाठी," ते म्हणाले. "मुलगा सांगत होता, बागेत तळी आहे. बघू या?"

मला काहीच कळेना. दुधी आणि तळी यांचा काही शास्त्रीय संबंध असावा, अशा समजुतीनं मी त्यांना बागेत नेलं. मागून मालू चहा घेऊन आली. तळीवर त्या दिवशी दृश्य खरंच सुंदर होतं. काठावर बगळा, फांदीवर खंड्या, दगडावर कासव, आणि मी केलेल्या उताराचा पहिला लाभार्थी म्हणून मधोमध आमची म्हैस! तेवढ्यात एका माशानं पाण्याबाहेर उडी मारली आणि खंड्यानं तो उचलला.

"बापू, तुमच्या तळीत मासे आहेत?"

"आहेत की! मीच सोडले."

"आणि तुम्ही धरत नाही?"

"सोडले ते धरायला होय? पाखरांनी खावे, जनावरांनी खावे..."

भिकूशेटनी मला चक्क हात जोडले. "समोर मासा उड्या मारतो आणि हा माणूस पाखरांना चारतो! बापू, खरं सांगतो. आमच्या हिनं देवीला नवस बोललाय, मुलाचं लग्न ठरलं की नवरा मासे सोडील! मला न विचारता! म्हणून मी अडलो होतो हो. मुलगी पसंत, पण होय म्हटलं की माझं कालवण बंद! तुमचा फोन झाला आणि म्हटलं, हा तरणाताठा माणूस सोडतो, मग आपण कोण?"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला! दुधी, "वाढू की", सगळंच!

"भिकूशेट, अहो, तसं नव्हे..."

पण ते खाली वाकले होते. ओंजळीत तळीचं पाणी घेऊन म्हणाले, "मालू आमची सून. आणि आजपासून मी मासे सोडले." आणि आचमन केलं. (त्या पाण्यात मी आदल्या आठवड्यात दोन घमेली शेण टाकलं होतं, हेही मी सांगितलं नाही.)

मी पुन्हा तोंड उघडलं. मालू कानाशी आली. "दादा, एक शब्द बोललास तर ढकलीन."

ढकलावं लागलं नाही. मी एक पाऊल मागे घेतलं, शेणावरून सटकलो आणि माझ्याच उतारावरून घसरत थेट म्हशीशेजारी जाऊन बसलो.

"किती एकरूप झालाय माणूस!" भिकूशेट मालूला म्हणाले.

लग्न झालं. मालूचं चांगलं चाललं, अगदी दृष्ट लागण्यासारखं. पण मिरकरवाड्याला गेलो की पंगतीत माझं पान भिकूशेटच्या शेजारी. समोरच्या रांगेत पापलेटं तळून यायची, बांगड्याचं कालवण यायचं. मालू दोन-दोनदा वाढून घ्यायची आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. आमच्या दोघांच्या पानांत दुधी! आणि तिकडे जायला घरून निघताना बायको बजावायची, "लिंबानं हात नीट धुवा हो, बांगड्याचा वास येतोय."

शेवटी भिकूशेट थकले. मी ठरवून गेलो, की आज कबूल करायचंच. जेवायला बसलो तेव्हा हळूच म्हटलं, "भिकूशेट, एक सांगायचंय. मी मासे सोडलेले नाहीत."

 त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे पुन्हा सुरू झाले? असू दे. मोह आहे. तुम्ही म्हणालात, पहिल्या दिवशीच तडफड होते. माझी तर अजून होते, बापू! पण तुमच्याकडे बघून निभावलं सगळं. मनाला लावून घेऊ नका. आजपासून पुन्हा सोडा."

आणि त्यांनी माझ्या पानात दुधीचा आणखी एक डाव वाढला. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं, तर पुढची खेप त्यांच्या बाराव्याला झाली. त्या दिवशी मात्र "माफ करा" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण तोंडात दुधी होता!