दोन नेटवर्कांच्या मधे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी हैदराबादेत मोबाइल फोन डिझाइन करायचो. परदेशी गिऱ्हाइकाला असा फोन हवा होता, जो जुन्या अ‍ॅनालॉग नेटवर्कवरही चालेल आणि नव्या डिजिटलवरही. त्या दोघांचं एकमेकांशी मुळीच जमत नव्हतं. एकाची हद्द संपून दुसऱ्याची लागली, की चालू बोलणं तुटायचं.

"तुटलं तर तुटलं. माणूस पुन्हा लावेल की!" आमचे साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी इतका ओरडलो, की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली.

साहेबांना काय कप्पाळ सांगणार? ऐंशीच्या दशकात, ऐन मे महिन्यात, वांकिडीजवळच्या आमच्या गावी माय वारली. ताई राज्याच्या सरहद्दीपलीकडे, राजुऱ्याकडे दिलेली. लेकीनं तोंड पाहिल्याशिवाय मायला उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शेजारी निरोप घेऊन निघालाच होता, पण बाबा पडले शाळामास्तर, त्यांचा भरवसा पोस्टातल्या फोनवर; त्यांनी त्याला थांबवलं. मी बाबांसोबत पोस्टात गेलो. पलीकडचं राज्य दुसरं, म्हणून फोन आधी हैदराबादला, तिथून नागपूरला आणि मग खाली राजुऱ्याकडे, ताईच्या गावच्या दुकानातल्या फोनवर जायचा. बऱ्याच वेळानं "हॅलो" ऐकू आलं. तो दुकानदारच बोलतोय असं समजून बाबांनी एका दमात सगळं सांगितलं.

"आता काऊन माणूस पाठवता? पोचला निरोप. माह्या कानानं आयकलं," घरी येऊन ते ज्याला त्याला सांगत राहिले.

ते "हॅलो" नागपूरच्या ऑपरेटरचं होतं. पुढची लाइन लागलीच नव्हती. दुकानातला फोन त्या दिवशी वाजलाच नाही, हे नंतर कळलं.

आम्ही मायच्या अंगावरच्या ओल्या चादरी बदलत वाट पाहिली. उन्हं कलली तेव्हा जाणती माणसं म्हणाली, "आता नाई ठेवता येत, मास्तर." बुद्धवंदना झाली आणि मायला उचललं. ताई आली ती दुसऱ्या दिवशी, बसस्टँडवर कोणाकडून तरी ऐकून. बाबांना ती एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बाबा त्यानंतर कधी नीट जेवले नाहीत.

शेवटी आमचा फोन तयार झाला. बोलण्यातल्या बारीक सवडीत तो दुसरं नेटवर्क चाचपायचा, आणि त्यानं धरल्याची खात्री पटली की मगच पहिलं सोडायचा. चाचणीच्या दिवशी गाडीनं हद्द ओलांडली तरी बोलणं चालूच राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र बाहेर जाऊन हमसून हमसून रडलो.

ताई अजून माहेरी येते. चहा घेता घेता विचारते, "भाऊ, माय कशी दिसत होती रे?"

"झोपल्यावानी. कपाळावर केस आल्ते, म्या मागं सारले."

ती डोळे पुसते, आणखी काही विचारते. घरात मायचा फोटो नाही. खरं सांगायचं तर तो चेहरा आता मलाही आठवत नाही. तरी ती विचारत राहते आणि मी सांगत राहतो.